"परवा तर अगदी बऱ्या होत्या": ९१ वर्षांच्या आजी आणि आतड्यात अडकलेला पित्तखडा

आजींना पोटदुखी सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी दाखल केले तेव्हा त्यांच्या मुलीचे पहिले वाक्य होते, "परवा तर अगदी बऱ्या होत्या हो." ते मी केसपेपरवर जसेच्या तसे उतरवून घेतले. पोटदुखीच्या बहुतेक रुग्णांत मधे एक दिवस बरे जाणे हे चांगले लक्षण मानतात. पण रुग्ण अतिवृद्ध असेल आणि पित्ताशयात जुना मोठा खडा असेल, तर त्याच बऱ्या दिवसाने जास्त सावध व्हायला हवे. हे प्रकरण मी लिहितो आहे ते मुख्यतः त्या मधल्या दिवसासाठी.

आजींचे वय ९१, वजन ४४ किलो. उच्च रक्तदाब होता. हृदयाचे ठोके अनियमित पडत, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन होते, आणि त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅपिक्साबॅनची २.५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा चालू होती. घरात काठी घेऊन चालत, आंघोळ स्वतःची स्वतः करत, बाहेर जाताना कोणाचा तरी हात लागे. ऐकू कमी येई, दोन्ही कानांत यंत्र. स्मरणशक्ती उत्तम. पोटावर पूर्वी कधीच शस्त्रक्रिया झालेली नव्हती. जुन्या फायलीत १२ वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा एक कागद सापडला: पित्ताशयात २.५ सेंटिमीटरचा एकच खडा दिसतो, पित्ताशयाची भिंत जाड. त्रास नव्हता म्हणून तेव्हा काहीच केले नाही. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. ७९ व्या वर्षी त्रास न देणाऱ्या खड्यासाठी मीही बहुधा शस्त्रक्रिया सुचवली नसती. पण तो कागद फायलीच्या तळाशी गेला आणि तिथेच राहिला.

पाच दिवसांची हकीकत

पहिल्या दिवशी संध्याकाळी बेंबीभोवती कळ येऊ लागली. कळ यायची, पाच-सात मिनिटे पिळवटून काढायची आणि ओसरायची. रात्री दोन उलट्या झाल्या, खाल्लेल्या अन्नाच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आमच्याच तातडीच्या विभागात आणले. पोट थोडे फुगलेले पण मऊ होते आणि तीन दिवस शौचाला साफ झालेले नव्हते. पोटाचा एक्स-रे काढला, सलाईन लावले, उलटीचे इंजेक्शन दिले, एनिमा दिला. एनिमानंतर शौचाला झाले, कळही थांबली. 'बद्धकोष्ठ' असे लिहून संध्याकाळी घरी सोडले. तो एक्स-रे निवासी डॉक्टरने मला फोनवर पाठवला होता. मी पाहिला आणि "ठीक आहे" असे उत्तर दिले. त्या एक्स-रेकडे पुढे परत येतो.

तिसरा दिवस चांगला गेला. आजी उठून बसल्या, थोडे जेवल्या, गोळ्या घेतल्या, रात्री झोपल्या. घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले. चौथ्या दिवशी संध्याकाळी कळ परत आली, आता बेंबीच्या खाली. उलटी हिरवी झाली. पाचव्या दिवशी सकाळच्या उलटीचा रंग तपकिरी होता आणि तिला शौचासारखा वास होता. तो वास आला तेव्हा मुलीने वाट पाहणे सोडले.

आणखी एक गोष्ट विचारल्यावरच कळली. दोन महिन्यांपूर्वी तीन-चार रात्री उजव्या बरगडीखाली दुखत होते, थोडा ताप होता. गॅस असेल म्हणून त्यावर घरीच काहीबाही घेतले आणि ते दुखणे आपोआप थांबले. आता वाटते की खड्याने त्याच दिवसांत वाट केली असावी. वर्षानुवर्षे सुजणारे पित्ताशय शेजारच्या ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, चिकटते. जड खडा एकाच जागी दाबत राहिला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, भिंत झिजते आणि दोन पोकळ्यांमध्ये भोक पडते. या वाटेला फिस्टुला म्हणतात. खडा पलीकडे गेला की पित्ताशयातला दाब उतरतो आणि दुखणे थांबते. रुग्णाला वाटते, बरे झालो. खड्याचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो.

तिसऱ्या दिवसाचे कोडे या प्रवासातच सुटते. खडा आतड्याच्या एका वळणाशी अडकतो, मागचे आतडे फुगते, कळा येतात. थोड्या वेळाने फुगलेल्या आतड्यात तो सैल होतो, पुढे घरंगळतो, अडथळा सुटतो. वायू सरतो, शौचाला होते, भूक लागते. मग खडा पुढच्या, आणखी अरुंद जागेपर्यंत पोहोचतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग, इलियम, सगळ्यात अरुंद असतो आणि तिथे आतड्याची ढकलण्याची ताकदही कमी असते. म्हणून बहुतेक खडे कायमचे अडकतात ते तिथेच. एनिमाने आराम पडला असे आम्ही दुसऱ्या दिवशी समजलो. खरे तर त्याच सुमारास खडा एका जागेवरून सुटला होता. एनिमा मोठ्या आतड्यात जातो, खडा लहान आतड्यात होता. दोघांचा संबंध नव्हता.

तपासणी

पाचव्या दिवशी नाडी ११२ आणि अनियमित, रक्तदाब १०४/६०, जीभ कोरडी ठणठणीत. पोट फुगलेले, दाबल्यावर थोडे दुखत होते, पण कडक नव्हते. अतिवृद्ध स्त्रीचे आतडे बंद आहे आणि पोटावर एकही जुना व्रण नाही, अशा वेळी माझी बोटे आधी जांघेत जातात. व्रण नाही म्हणजे आतडी जुन्या शस्त्रक्रियेने चिकटलेली असण्याची शक्यता कमी. मग उरतात तीन मोठी कारणे: हर्निया, गाठ आणि पित्तखडा. फिमोरल हर्निया सुपारीएवढा असतो, कपड्याच्या घडीत लपतो, आणि वृद्ध रुग्ण तिथे दुखते असे सांगेलच असे नाही. आजींच्या दोन्ही जांघा रिकाम्या होत्या. मांडीच्या आतल्या बाजूला कळ जाते का, हेही विचारले, कारण बारीक अंगाच्या वृद्ध स्त्रियांत ऑब्च्युरेटर हर्निया असतो आणि तो बाहेरून हाताला लागत नाही. तसे काही नव्हते.

नाकातून रायल्स ट्यूब घातली. पहिल्या अर्ध्या तासात १,४०० मिलिलिटर तपकिरी द्रव बाहेर आला. आजी लगेच म्हणाल्या, "आता श्वास येतोय." ही साधी नळी घालायला उशीर होतो हे मी वारंवार पाहतो. तुडुंब भरलेल्या पोटाने वृद्ध रुग्णाला आडवे झोपवून सीटीसाठी नेले आणि उलटी फुप्फुसात गेली, तर आतड्याचा आजार बाजूला राहतो आणि रुग्ण न्यूमोनियाने जातो. आधी नळी, मग सीटी.

किडनी किती मंदावली हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन २.१ होते, सहा महिन्यांपूर्वी १.१ होते. सोडियम १३१, पोटॅशियम २.९, पांढऱ्या पेशी १३,४००. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की वाढणारे लॅक्टेट १.८, म्हणजे वाढलेले नव्हते. सततच्या उलट्यांनी आम्ल बाहेर गेल्यामुळे रक्त अल्कलीकडे झुकलेले होते. या आकड्यांतला मला सगळ्यात जास्त छळणारा आकडा पोटॅशियमचा होता. ठोके आधीच अनियमित असलेल्या हृदयाला २.९ इतक्या कमी पोटॅशियमवर भूल देणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

सीटी स्कॅन, आणि तो एक्स-रे

सीटीत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचे औषध देतात, पण ते किडनीला जड जाऊ शकते. क्रिएटिनिन २.१ असताना ते द्यायचे का, यावर रेडिओलॉजिस्टशी बोललो. बंद आतड्याच्या भिंतीला रक्त मिळते आहे की नाही हे कॉन्ट्रास्टशिवाय नीट कळत नाही, आणि आज रात्र थांबता येईल की आत्ताच पोट उघडायचे, हे त्यावरच ठरणार होते. सलाईन सुरू करून आम्ही कॉन्ट्रास्ट दिला. तोंडाने काही पाजले नाही. भरलेल्या आतड्यात त्याचा उपयोग नसतो आणि उलटीचा धोका वाढतो.

चित्र स्वच्छ होते. लहान आतडे ३.८ सेंटिमीटरपर्यंत फुगलेले, आणि इलियममध्ये एके ठिकाणी ते एकदम बारीक झालेले. त्या सांध्यावर ३ सेंटिमीटरच्या आसपासचा खडा, कडेला चुन्याची पातळ पांढरी रेघ. पित्ताशय आक्रसलेले, ड्युओडेनमला चिकटलेले, आत हवा. यकृताच्या डाव्या भागातल्या पित्तनलिकांमध्येही हवेच्या बारीक काळ्या फांद्या. उताण्या झोपलेल्या माणसात यकृताचा डावा भाग वर येतो, म्हणून हवा तिथे साठते. ती यकृताच्या मध्याजवळ होती. मेलेल्या आतड्यातून पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्याचे रक्त यकृतात नेणाऱ्या शिरेत, शिरणारी हवा कडेपर्यंत पोहोचते, आणि तिचा अर्थ अगदी वेगळा असतो. पित्तनलिकेवर एन्डोस्कोपीने पूर्वी काही केले असेल तरीही अशी हवा दिसते, म्हणून तेही विचारून घेतले. काही केलेले नव्हते. आतड्याच्या भिंतीत सगळीकडे रक्त खेळत होते.

बंद लहान आतडे, पित्तनलिकेत हवा आणि भलत्या जागी खडा, ही तीन चिन्हे रिग्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये साध्या एक्स-रेवर एकत्र मांडली. तीनपैकी दोन असली तरी निदान पुरेसे पक्के मानतात. साध्या एक्स-रेवर तिन्ही क्वचितच दिसतात, कारण बहुतेक पित्तखड्यांत एक्स-रेवर उमटण्याइतके कॅल्शियम नसते. सीटीने हे चित्र पालटले. या आजाराला 'गॉलस्टोन इलियस' म्हणतात, पण नाव फसवे आहे: इलियस म्हणजे आतड्याची हालचाल थांबणे, आणि इथे आतडे जीव तोडून ढकलत असते, पुढे वाट नसते.

त्या रात्री मी दुसऱ्या दिवसाचा एक्स-रे मोठ्या पडद्यावर उघडला. खडा दिसत नव्हता. पण फिल्मच्या वरच्या कडेला, यकृताच्या सावलीवर, फांदीसारखी एक बारीक काळी रेघ होती. फोनच्या पडद्यावर ती बोटभर जागेत मावली होती आणि मी तो भाग मोठा करून पाहिला नव्हता. मी आतड्यांतली हवा पाहिली, यकृताकडे पाहिलेच नाही. जुनी सोनोग्राफी तेव्हा कोणी विचारली असती तर मी नक्कीच वर पाहिले असते. मुलीला हे दुसऱ्या दिवशी समोर बसून सांगितले. तिने विचारले, "तेव्हा कळलं असतं तर फरक पडला असता का?" मी खरे तेच सांगितले: शस्त्रक्रिया तेव्हाही लागली असती, पण आजी आल्या त्यापेक्षा कमी कोरड्या आणि किडनी शाबूत असताना ती झाली असती. आता आमच्याकडे साठीपुढच्या उलट्यांच्या रुग्णाचा पोटाचा एक्स-रे वाचताना यकृताच्या सावलीबद्दल एक ओळ वेगळी लिहावी लागते.

रात्र

लॅक्टेट ठीक, भिंत जिवंत, पोट मऊ. म्हणून रात्रभर शरीर सावरायचे आणि सकाळी पहिल्या टेबलवर घ्यायचे असे ठरवले. त्याहून जास्त थांबायचे नाही हेही त्याच वेळी ठरवले. "आधी तब्येत सुधारू दे" म्हणत दोन-तीन दिवस घालवणे हा या वयातला नेहमीचा सापळा आहे. अडथळा असेपर्यंत तब्येत एका मर्यादेपुढे सुधारत नाही, आणि खडा आतून भिंत कुरतडत राहतो.

सलाईन २५० मिलिलिटरच्या टप्प्यांनी दिले, प्रत्येक टप्प्यानंतर फुप्फुसाच्या तळाला स्टेथोस्कोप लावून. पोटॅशियम तासाला १० मिलिमोल, मॉनिटरवर नजर ठेवून. सकाळी पोटॅशियम ३.६ झाले, नाडी ९० च्या खाली आली, लघवी तासाला ४० मिलिलिटर होऊ लागली. अ‍ॅपिक्साबॅनची शेवटची गोळी तिसऱ्या दिवशी रात्री पोटात टिकली होती. शस्त्रक्रियेच्या वेळेपर्यंत साठ तास होणार होते. किडनी मंदावलेली असल्यामुळे नुसत्या तासांवर भरवसा न ठेवता रक्तातली तिची पातळीही पाहिली. ती नगण्य होती.

आजींशी बोलणे

कॉरिडॉरमध्ये मुलगी म्हणाली, "या वयात झेपेल का? त्यांना न सांगता तुम्हीच काय ते ठरवा." मी आधी आजींच्या कानातली यंत्रे शोधली. ती दाखल करताना काढून पिशवीत ठेवली होती. ती लावली, खुर्ची पलंगाजवळ ओढली, आणि आजींशीच बोललो. ऐकू न येणाऱ्या वृद्ध माणसाला 'समजत नाही' असे ठरवून त्याच्या डोक्यावरून बोलणे फार सहज होऊन जाते.

पित्ताशयातला खडा आतड्यात उतरून अडकला आहे, एवढा मोठा खडा आपोआप बाहेर पडणे जवळपास अशक्य आहे, तो जठरात किंवा मोठ्या आतड्यात असता तर दुर्बिणीने प्रयत्न करता आला असता पण आहे तिथे दुर्बीण पोहोचत नाही, हे सांगितले. काढला नाही तर काय होईल आणि काढताना काय होऊ शकते हेही सांगितले. त्यांच्या प्रकृतीकडे पाहून माझा अंदाज असा होता की अशा दहा जणांत एक किंवा दोघे यातून वाचत नाहीत. आजींनी थोडा वेळ छताकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मला माझ्या पायांनी बाथरूमपर्यंत जाता आलं पाहिजे. तेवढं होणार असेल तर काढा. आणि नाहीच जमलं तर मशीनवर ठेवून बसू नका." हे दोन्ही त्यांच्याच शब्दांत नोंदवले, सही घेतली. भूलतज्ज्ञांनाही ते वाचून दाखवले. पुढच्या सगळ्या निर्णयांना मी तेच माप लावले.

पित्ताशयाला हात लावायचा का

खडा काढणे हा या शस्त्रक्रियेचा सोपा भाग. वाद असतो तो पित्ताशय आणि फिस्टुलाबद्दल. एकाच वेळी खडा काढून, पित्ताशय काढून, ड्युओडेनमचे भोक शिवून सगळे पूर्ण करावे, असे एक मत. फक्त खडा काढावा आणि बाकी सोडून द्यावे, असे दुसरे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रायसनर आणि कोहेन यांच्या १,००१ रुग्णांच्या आढाव्यात फक्त खडा काढलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ११.७ टक्के होते आणि सगळे एकदम केलेल्यांत १६.९ टक्के. अमेरिकेतल्या २००४ ते २००९ या वर्षांतील ३,४५२ रुग्णांच्या नोंदी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तिथे हेच आकडे साधारण ५ आणि ७ टक्के असे होते. एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: मोठी शस्त्रक्रिया सर्जन सहसा धडधाकट रुग्णावरच करतात. तरीही तिथे मृत्यू जास्त आहेत. म्हणजे ९१ वर्षांच्या माणसातला खरा फरक आकड्यांत दिसतो त्याहून मोठा असणार.

दुसरी बाजूही आहे. फिस्टुला तसाच राहिला तर नवा खडा उतरू शकतो; पुन्हा आतडे बंद पडण्याचे प्रमाण साधारण ५ ते ८ टक्के सांगतात, आणि तसे झाले तर बहुधा पहिल्या सहा महिन्यांत होते. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग होऊ शकतो. रुग्ण ६२ वर्षांचा, तब्येतीने ठणठणीत असता तर मी हे सगळे वेगळ्या तराजूत तोलले असते, निदान काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया सुचवली असती. आजींच्या बाबतीत सुजलेल्या, दगडासारख्या झालेल्या भागातून पित्ताशय सोडवून ड्युओडेनम शिवायचे, आणि ती शिवण उसवली तर पुढे काहीच करता येणार नाही, हा धोका मला मान्य नव्हता. फक्त खडा, आणि परत. हे पोट उघडण्यापूर्वीच ठरवले आणि टीमला सांगितले, कारण पोट उघडल्यावर मोह होतो.

शस्त्रक्रिया

भरलेल्या पोटाची काळजी घेत भूल दिली. बेंबीभोवती १० सेंटिमीटरचा छेद. पोटाला लहान भोके पाडून लॅपरोस्कोपच्या दुर्बिणीने शस्त्रक्रिया करण्याचा पर्याय होता, पण इतके फुगलेले आतडे आणि आधीच थकलेले हृदय पाहता मला लहान उघडा छेद सुरक्षित वाटला.

खडा सहज हाताला लागला, लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथल्या इलिओसीकल झडपेच्या साधारण ५० सेंटिमीटर मागे. त्याच्या वरचे आतडे गर्द लाल, सुजलेले. खालचे चिमटल्यासारखे, रिकामे. खडा पुढे रेटून झडपेतून मोठ्या आतड्यात ढकलण्याचा किंवा बोटांनी आतल्या आत फोडण्याचा मोह आवरावा लागतो, कारण दाबाने आधीच नाजूक झालेली भिंत त्यात फाटते. आम्ही तो हळूहळू काही सेंटिमीटर मागे, चांगल्या भिंतीच्या भागात आणला आणि आतड्याच्या मोकळ्या कडेवर उभा छेद घेतला.

खडा बाहेर आला तो ओल्या गॉजवर ठेवला. तपकिरी-काळपट, पिंपासारखा, ३.२ सेंटिमीटर लांब. तीन बाजूंनी गोलाई, वर खरखरीत कवच. एक बाजू मात्र घासून काढल्यासारखी सपाट, गुळगुळीत. सहाय्यक डॉक्टर सुई-धागा हातात घेऊन शिवायला तयार होता. मी थांबवले. एकटा वाढलेला खडा गोल असतो. सपाट बाजूचा अर्थ, हा वर्षानुवर्षे दुसऱ्या कशाला तरी टेकून होता. सीटीत एकच दिसला होता, पण कॅल्शियम नसलेला खडा आतड्यातल्या द्रवात हरवून जातो. बारा वर्षांपूर्वीच्या कागदावरही 'एकच' लिहिले होते.

आतड्याचा छेद उघडाच ठेवून, क्लॅम्प लावून, सुरुवातीपासून आतडे हातातून सरकवत गेलो. सुरुवातीपासून साधारण ७० सेंटिमीटरवर, जेजुनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागात, बोटांत काहीतरी टणक आले आणि निसटले. पुन्हा धरले. दुसरा खडा, १.९ सेंटिमीटर. फुगलेल्या आतड्यात तो मोकळा फिरत होता, म्हणून तो हळूहळू खाली आणून त्याच छेदातून काढता आला. आधी शिवले असते तर दुसरा छेद घ्यावा लागला असता. शोधलेच नसते तर हाच खडा काही दिवसांनी त्याच अरुंद भागात, ताज्या शिवणीशी, येऊन बसला असता.

गॉजवर दोन्ही शेजारी ठेवले. दुसऱ्यालाही एकच सपाट बाजू होती. दोन्ही सपाट बाजू एकमेकींना लावल्या तर कड जवळपास जुळत होती. तिसरा असता तर कुठल्या तरी खड्यावर आणखी एक सपाट बाजू दिसली असती. तरीही उरलेले सगळे आतडे, झडपेपर्यंत, बोटांखालून घातले. मग छेद आडवा शिवला, म्हणजे तिथे आतडे अरुंद होत नाही.

"सर, पित्ताशय बघायचं ना?" सहाय्यकाने विचारले. छेदातून हात वर नेऊन चाचपले. यकृताखाली एक घट्ट गोळा, ड्युओडेनम त्यात रुतलेले, आत खडा लागत नव्हता. हात बाहेर काढला आणि पोट बंद केले. एकूण ५५ मिनिटे.

नंतरचे दिवस

दोन रात्री अतिदक्षता विभागात काढल्या. दुखू नये म्हणून पोटाच्या भिंतीत बधिरीकरण आणि पॅरासिटामॉल, अफूच्या जातीची औषधे शक्य तितकी कमी. पहिल्याच दिवशी त्यांना खुर्चीत बसवले. दुसऱ्या रात्री दोन वाजता फोन आला: आजी नळ्या ओढताहेत, कोणाला ओळखत नाहीत. झोपेचे इंजेक्शन द्यायचे का, असा प्रश्न होता. मी गेलो तेव्हा खोलीतले दिवे विझलेले, कानातली यंत्रे ड्रॉवरमध्ये, चष्मा खिडकीवर. यंत्रे लावली, चष्मा दिला, दिवा लावला, मुलीला आत बोलावले. लघवीची नळी तेव्हाच काढून टाकली, तिची आता गरज नव्हती. रक्त तपासले, सोडियम, पोटॅशियम, ऑक्सिजन ठीक होते. तासाभरात त्या मुलीला नावाने हाक मारू लागल्या. इंजेक्शन लागले नाही. पुढच्या रात्रींसाठी पलंगाच्या डोक्याशी कागद चिकटवला: 'कानाची यंत्रे रात्रीही लावलेली ठेवा.'

तिसऱ्या दिवशी रायल्स ट्यूब निघाली आणि अ‍ॅपिक्साबॅन पुन्हा सुरू झाले. तोवर रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हेपॅरिनचा लहान डोस चालू होता. चौथ्या दिवशी वायू सरला. पाचव्या दिवशी, खाणे सुरू झाल्यावर, फॉस्फेट घसरले. आठवडाभर जवळपास उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम अन्न मिळाले की असे होते, आणि न तपासल्यास त्यातून अशक्तपणा आणि हृदयाचा त्रास वाढतो. अन्नाचा वेग कमी केला, फॉस्फेट आणि थायमिन दिले. सातव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाला थोडा पू झाला, दोन टाके काढून मोकळा केला. क्रिएटिनिन १.२ वर आले. अकराव्या दिवशी घरी गेल्या. फिजिओथेरपिस्टने वॉर्डमध्ये त्यांच्याकडून रोज एकच अंतर चालवून घेतले होते: पलंगापासून बाथरूमपर्यंत.

जाताना फायलीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहिले: 'पित्ताशय आणि ड्युओडेनम यांच्यामध्ये फिस्टुला आहे. उलटी, पोटात येणारी-जाणारी कळ, पोट फुगणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी आणावे, मध्ये बरे वाटले तरी आणावे.' मुलीने त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवला.

सहा आठवड्यांनी त्या काठी घेऊन तपासणीला आल्या. खडे पाहायचे म्हणाल्या. काचेच्या बाटलीतून काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी चष्मा सरळ केला, दोन्ही खडे सपाट बाजूंनी एकमेकांना लावून पाहिले, आणि विचारले, "किती वर्षं होते हे दोघं आत?" बारा तरी नक्की, मी म्हणालो. त्यांनी ते परत बाटलीत टाकले आणि मुलीकडे हात पुढे केला.

सातव्या महिन्यात सोनोग्राफी केली. पित्ताशय आक्रसून बोटाच्या पेराएवढे झाले होते, आत खडा नव्हता, पित्तनलिकांत हवा दिसली नाही. पुढे पित्ताला वाट मोकळी असेल तर अशी फिस्टुला आपोआप मिटू शकते. मधल्या काळात एकदा, तिसऱ्या महिन्यात, मुलगी आजींना रात्री अकराला घेऊन आली होती: दोन उलट्या, थोडी कळ, आणि येता येता गाडीतच बरे वाटू लागलेले. त्या परत जाऊया म्हणत होत्या. मुलीने ऐकले नाही. सीटी केला, आतडे मोकळे होते, साधे अपचन निघाले. रात्रभर ठेवून सकाळी सोडले, आणि फायलीतली लाल शाईची ओळ तशीच ठेवली.